मुंग्यांमधले सूक्ष्म परजीवी: ‘नवा’ म्हणण्याआधी काय काय तपासायचं

मुंग्या चिरडून त्यांचा रस मायक्रोस्कोपखाली ठेवला की काही ना काही दिसतंच. चमकणारे लंबगोल दाणे, लहानमोठे गोल थेंब, वळवळणारे जिवाणू, कुठल्या तरी बुरशीचे बीजाणू. यातलं मुंगीच्या शरीरात खरोखर वाढणारं काय, हा एक प्रश्न. आणि जे वाढतंय ते आजवर कुणीच वर्णन न केलेलं आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला वेळ आणि पैसा लागतो म्हणून सगळे त्याचीच धास्ती घेतात. फसगत मात्र बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नावर होते.

हे मार्गदर्शन प्राणिशास्त्राच्या किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि हाताशी बऱ्यापैकी मायक्रोस्कोप असलेल्या हौशी अभ्यासकांसाठी आहे. अर्धं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत निभतं. डीएनए आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी एखाद्या संशोधन संस्थेची मदत घ्यावी लागते. पण तिथे जाताना आपलं अर्धं काम चोख असेल तरच लोक दार उघडतात.

मुंगी कोणती निवडायची

ज्या मुंगीच्या परजीवींवर आधी काम झालंय तीच निवडा. अगदी अपरिचित मुंगी घेतली तर सापडलेली प्रत्येक गोष्ट नवीच वाटते, कारण ताडून पाहायला काही नसतं. माझी शिफारस सोलेनॉप्सिस जेमिनाटा. ही मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्याकडेही शेताच्या बांधावर, बागेत, मैदानात सापडणारी तांबूस मुंगी. चावली की आग होते. फ्लोरिडात याच मुंगीतून १९७८ मध्ये बुरेनेला डायमॉर्फा आणि १९७९ मध्ये मॅटेसिया जेमिनाटा हे दोन परजीवी वर्णिले गेले. तिच्या जवळच्या नात्यातल्या सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टावर तर अमेरिकेत कित्येक दशकं काम झालंय, कारण तिथे ती मोठी डोकेदुखी आहे.

मुंगी ओळखण्यात हयगय नको. सोलेनॉप्सिसच्या कामकरी मुंगीच्या मिशीला १० खंड असतात आणि टोकाचे दोन खंड फुगीर असतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये दोन गाठी दिसतात. जेमिनाटाच्या मोठ्या कामकरींचं डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं, चौकोनी असतं आणि त्याच्या मधोमध खाच असते. प्रत्येक वारुळातल्या १०–१५ मुंग्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळ्या काढून ठेवा. परजीवीचं नाव नंतर बदलेल, न बदलेल. यजमान मुंगीच चुकीची निघाली तर सगळा अहवाल रद्दी.

वारूळ गोळा करणं

पावसाळ्यात माती मऊ असते आणि पिल्लावळही भरपूर असते. नुसत्या बाहेर फिरणाऱ्या कामकरी वेचून आणू नका. अळ्या, कोष आणि पंखवाल्या माद्या हव्यातच; बऱ्याच परजीवींची खरी वाढ तिथेच दिसते.

वारुळातून मुंग्या वेगळ्या करायची एक जुनी, खात्रीची पद्धत आहे. खोल बादलीच्या आतल्या कडेला वरच्या चार बोटांत टाल्कम पावडर चोळा, म्हणजे मुंग्यांचे पाय घसरतात. फावड्याने वारूळ मातीसकट उचलून बादलीत टाका. मग बारीक नळीतून थेंब थेंब पाणी सोडा. घाई केली तर पिल्लावळ चिखलात अडकते. पाणी हळूहळू चढू लागलं की कामकरी अळ्या आणि कोष तोंडात धरून वर सरकतात, आणि काही तासांत सगळ्या जणी एकमेकींना धरून पाण्यावर तरंगता गठ्ठा करतात. तो गठ्ठा जाळीच्या चमच्याने अलगद उचलायचा. पाण्याची वाफ लागून पावडर ओली झाली तर अर्धी वसाहत तुमच्या हातावर येईल, तेव्हा कड मधूनमधून पाहत राहा.

आणलेला नमुना तिथल्या तिथे चार भागांत वाटा. काही मुंग्या जिवंत, लगेच तपासायला. काही गोठवून. काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. आणि काहींचे अवयव पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये. फॉर्मेलिन टाळा, त्यात डीएनएची वाट लागते. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

जुन्या बाटल्याही टाकून देऊ नका. आज नीअल्हाझिया सोलेनॉप्सी नावाने ओळखला जाणारा परजीवी १९७३ मध्ये पहिल्यांदा दिसला तो ब्राझीलच्या मातो ग्रोसो भागातून आणून अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या मुंग्यांमध्येच.

आधी नुसत्या डोळ्यांनी, मग भिंगाने

चिरडण्याआधी मुंग्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली नीट बघा. मॅटेसियाने बाधित मुंगीचं डोकं आणि पाय पिवळसर-नारिंगी दिसू लागतात. बुरेनेलाची लागण झालेल्या कोषाच्या डोक्यावर पारदर्शक डाग येतात आणि पुढे तिथली त्वचा फाटते. मिर्मिसिनोस्पोरिडियम ड्युरम या बुरशीचे बीजाणू जवळजवळ ५० मायक्रोमीटरचे, गडद तपकिरी, वाटीसारखे आत दबलेले असतात. फिकट रंगाच्या मुंगीच्या पोटाच्या त्वचेतून ते बाहेरूनच दिसतात. टेक्सासमध्ये नायलँडेरिया फुल्वा या मुंगीतला परजीवीही असाच नजरेत आला. तिथल्या अभ्यासकांना काही मुंग्यांची पोटं चरबीने फुगलेली दिसली, उघडून पाहिलं तर आत मायक्रोस्पोरिडिया, म्हणजे पेशींच्या आत वाढणारे, बुरशीच्या गोतावळ्यातले एकपेशीय परजीवी. बुरेनेला आणि नीअल्हाझियाही त्यातलेच. २०१५ मध्ये त्याचं मिर्मेकोमॉर्बा नायलँडेरी असं नामकरण झालं.

बाहेरून काहीच दिसलं नाही म्हणून वारूळ निरोगी धरू नका. नीअल्हाझिया झालेली कामकरी मुंगी वरून अगदी ठणठणीत दिसते.

पहिली चाळणी

एकेक मुंगी तपासत बसलात तर महिना जाईल. आधी ३० मुंग्या एकत्र वाटा. वारुळातल्या १० टक्के मुंग्या बाधित असतील तर ३० मध्ये निदान एक बाधित येण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के असते. लागण ५ टक्केच असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ६२ मुंग्या लागतात. काचेच्या छोट्या ग्राइंडरमध्ये एक-दोन मिलीलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून वाटा, मलमलीतून गाळा, थेंब काचपट्टीवर घ्या आणि ४०० पटीला बघा.

फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक गोष्टी उठून दाखवणारी मायक्रोस्कोपची सोय) असेल तर उत्तम. नसेल तर कंडेन्सर खाली घ्या आणि त्याची झडप बरीचशी मिटा. मायक्रोस्पोरिडियाचे बीजाणू मग काठाला गडद आणि आत लखलखीत दिसतात. बहुतेकांची लांबी २ ते ८ मायक्रोमीटरच्या आत असते, आकार गुळगुळीत लंबगोल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळे जवळजवळ एकाच मापाचे. मॅटेसियाचे बीजाणू लिंबासारखे दोन्ही टोकांना निमुळते आणि बरेचदा जोडीने असतात.

पहिल्या थेंबात घोळ घालणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. चरबीचे थेंब गोल असतात पण प्रत्येकाचं माप वेगळं, आणि अल्कोहोल किंवा साबणाच्या पाण्याने ते बदलतात. यीस्टला कुठे ना कुठे कळी फुटलेली दिसते. पिठाचे कण आयोडीनने निळे-काळे होतात. परागकण बरेच मोठे आणि नक्षीदार असतात. हे सगळं वजा करूनही एकसारखे दाणे उरले तरच पुढे जा.

भारतात या पहिल्या चाळणीची परंपरा जुनी आहे. रेशीमकिड्यांच्या पेब्रीन रोगासाठी अंडीपुंज केंद्रांवर मादी पतंग वाटून तिच्यात नोसेमा बॉम्बिसिसचे बीजाणू आहेत का ते मायक्रोस्कोपखाली पाहतात. पाश्चरने १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये बसवलेल्या पद्धतीचाच हा वारसा. तिथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाची नजर या बाबतीत पुस्तकापेक्षा भारी असते. जवळ असं केंद्र असेल तर एक दिवस त्यांच्या शेजारी बसून पेब्रीनचे बीजाणू बघून या.

डोकं आणि पोट वेगळं वाटा

ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

प्रौढ कामकरी मुंगी घन अन्न गिळत नाही. तिच्या तोंडात, घशाच्या अलीकडे एक छोटी पिशवी असते. अन्न चाटताना आणि अंग साफ करताना आलेले कण त्या पिशवीत गाळले जातात, दाबले जातात आणि त्यांची गोळी तयार होते. घशाकडे जातो तो फक्त द्रव. सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टामध्ये ही गाळणी इतकी बारीक आहे की साधारण एक मायक्रोमीटरपेक्षा मोठा कण पुढे जात नाही. म्हणजे ३-४ मायक्रोमीटरचा बीजाणू तोंडावाटे प्रौढ कामकरीच्या पोटात पोचतच नाही. पण त्या गोळीत मातीतल्या, अन्नावरच्या, अंगावरच्या वाट्टेल त्या बुरशीचे बीजाणू ठासून भरलेले असतात. अख्खी मुंगी वाटली की ती गोळी फुटते आणि तुम्हाला ‘संसर्ग’ दिसतो.

म्हणून बारीक चिमट्याने डोकं वेगळं करा, पोट वेगळं करा, दोन्हींचा रस वेगवेगळ्या काचपट्टीवर घ्या. बीजाणू फक्त डोक्याच्या पट्टीवर असतील तर बहुधा तो कचराच आहे. अर्थात डोक्यातही चरबी असते, आणि मॅटेसियासारखे परजीवी डोक्यातही भरतात, तेव्हा निर्णय नेहमी पोटाची पट्टी पाहून घ्यायचा.

परजीवी पसरतो कसा, याचं उत्तरही याच गोळीत आहे. कामकरी ती गोळी शेवटच्या अवस्थेतल्या, म्हणजे चौथ्या टप्प्यातल्या अळ्यांना भरवतात, कारण वसाहतीत घन अन्न पचवण्याचं काम याच अळ्या करतात. बुरेनेलाचा सगळा प्रवास यावर बेतलेला आहे. बाधित कोषाची त्वचा फाटते, कामकरी तो कोष खातात, बीजाणू त्यांच्या गोळीत साठतात आणि तिथून पुढच्या अळीत जातात. त्यामुळे नुसत्या कामकरी तपासून ‘वारुळात काही नाही’ असा निष्कर्ष काढू नका. मोठ्या अळ्या आणि कोष यांची वेगळी पट्टी करा.

संसर्गाचा पुरावा: रंगवलेली पट्टी

बीजाणू म्हणजे परजीवीचं फक्त एक रूप. शरीरात तो वाढतोय हे सिद्ध करायला त्याच्या मधल्या, वाढणाऱ्या अवस्था दिसायला हव्यात. पोट मिठाच्या सौम्य द्रावणात उघडा, मेदपेशींचे पांढरट पुंजके, आतडं आणि मादी असेल तर अंडाशय वेगळे काढा आणि प्रत्येकाचा पातळ लेप करा. हवेत वाळवा, मिथेनॉलने पक्का करा, १० टक्के गिम्सा या रंगद्रव्यात रंगवा, नळाच्या हलक्या धारेखाली धुवा. मग तेल लावून १००० पटीला. परजीवीच्या वाढत्या पेशी निळसर आणि केंद्रकं लालसर-जांभळी दिसतात. केंद्रक एक आहे की दोन चिकटलेली, पेशी एकेकट्या आहेत की आठाच्या पुंजक्यात, हे टिपा. कोणत्या अवयवात सापडलं हेही टिपा. परजीवी ओळखताना तो एक मोठा निकष आहे.

इथे एक सापळा आहे. एकाच मुंगीत दोन वेगळ्या आकारांचे बीजाणू दिसले म्हणून दोन जाती जाहीर करू नका. बुरेनेला त्वचेखालच्या पेशींत दोन केंद्रकांचे सुटे बीजाणू करतो आणि मेदपेशींत एका केंद्रकाचे, आठाआठाच्या पाकिटातले. सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टातल्या व्हैरिमॉर्फा इन्व्हिक्टी या परजीवीचे सुटे बीजाणू साधारण ११ मायक्रोमीटर लांब, तर आठाच्या पाकिटातले साधारण ६. नीअल्हाझियात तर चार प्रकार वर्णिलेले आहेत. उलटंही होतं: एका मुंगीत खरोखर दोन परजीवी असू शकतात. याचा निकाल आकारावरून लागत नाही, डीएनएवरून लागतो.

मापं घेताना स्टेज मायक्रोमीटरने भिंग जुळवून घ्या. काचपट्टीवर आगरचा पातळ थर दिला तर बीजाणू हलत नाहीत. ताज्या बीजाणूंची निदान ३०–५० मापं घ्या आणि सरासरीबरोबर किमान-कमालही लिहा. रंगवलेले बीजाणू आकसतात. ताजे आणि रंगवलेले यांची मापं एकत्र करणारे तक्ते अजूनही दिसतात, त्यांचा काडीचा उपयोग नाही.

डीएनए

बीजाणूचं कवच चिवट असतं. नेहमीच्या किटने नुसतं ढवळलं तर मुंगीचाच डीएनए भरभरून येतो आणि परजीवीचा नावापुरता. म्हणून आधी बीजाणू धुवून घ्या, जमल्यास पर्कॉल या दाट द्रावणाच्या थरांतून सेंट्रिफ्यूज करून वेगळे करा, मग साधारण अर्धा मिलिमीटरच्या काचेच्या मण्यांबरोबर यंत्रात जोरात हलवून फोडा.

बुरशीच्या ओळखीसाठी सगळे ज्याच्यामागे धावतात तो आयटीएस भाग मायक्रोस्पोरिडियात चालत नाही, कारण त्यांच्या रायबोसोमल जनुकांची रचनाच निराळी आहे. इथे छोट्या उपघटकाचं रायबोसोमल जनुक वाचतात. मायक्रोस्पोरिडियांसाठी १८एफ आणि १४९२आर ही प्रायमरची (डीएनएचा हवा तो भाग पकडणाऱ्या छोट्या तुकड्यांची) जोडी बरीच रूढ आहे. त्यांचं हे जनुक साधारण १२००–१३०० अक्षरांचं, मुंगीच्या जनुकापेक्षा बरंच आखूड, त्यामुळे जेलवर पट्टा कुठे आलाय यावरूनच पहिला अंदाज येतो. निरोगी वारुळातली मुंगी आणि नुसतं पाणी हे दोन्ही सोबत चालवा. दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. मिश्र संसर्गाची शंका असेल तर क्लोनिंग करा.

मग जेनबँकेत, म्हणजे जनुकांच्या खुल्या संग्रहात, जुळवा. अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, असा सरळ नियम इथे नाही. एकाच जातीत या जनुकाच्या थोड्या वेगळ्या प्रती असतात आणि काही खऱ्या वेगळ्या जातींत फरक अगदी कमी असतो. म्हणून आरपीबी१सारखं दुसरं जनुक वाचा आणि वंशवृक्ष काढा. जुळणारं नाव वाचतानाही सावध राहा. मधमाशीतला नोसेमा सेरानी २०२० मध्ये व्हैरिमॉर्फा प्रजातीत (जीनसमध्ये) हलवला गेला. नीअल्हाझियाही २००८ पर्यंत थेलोहानिया होता. जुनं नाव माहीत नसेल तर जुना निबंध हाती लागत नाही, आणि मग जुनाच परजीवी नवा वाटतो.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप

ही सोय विद्यापीठांत किंवा आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रांत पैसे भरून मिळते. तिथे पाहायचं ते असं: बीजाणूच्या आत गुंडाळलेल्या ध्रुवीय नळीचे (जिच्यातून परजीवी यजमानाच्या पेशीत शिरतो) वेढे किती, ते एकसारख्या जाडीचे की शेवटचे बारीक, कवचाची जाडी किती, केंद्रकं किती. वेढे निदान डझनभर बीजाणूंत मोजा. काप तिरका गेला तर संख्या चुकते. ऊती पक्क्या करायला लागणारं ऑस्मियम टेट्रॉक्साइड डोळ्यांना घातक आहे आणि कॅकोडायलेट बफरमध्ये आर्सेनिक असतं. हे काम घरी किंवा साध्या वर्गात करायचं नाही.

लागण लावून पाहणं

बाधित कोष निरोगी वसाहतीत ठेवायचे आणि काही आठवड्यांनी तिथल्या अळ्या-कोषांत तोच परजीवी, तोच डीएनए दिसतो का पाहायचं. बंद खोलीत, पाण्याने वेढलेल्या ट्रेमध्ये. टेक्सासच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एस्टेरो यानो ग्रांदे उद्यानात मिर्मेकोमॉर्बाने बाधित नायलँडेरिया मुंग्यांच्या पेट्या ठेवून, भोवती सॉसेजचे तुकडे टाकून निरोगी मुंग्यांना त्यांच्यापर्यंत ओढून आणलं होतं. तिथली वसाहत काही वर्षांत नाहीशी झाली. वाचायला भारी वाटतं, पण त्यामागे त्या परजीवीचा स्थानिक मुंग्यांवर काय परिणाम होतो याच्या चाचण्या होत्या. आपण मोकळ्या रानात असलं काही करायचं नाही.

नाव देणं आणि नोंद

मायक्रोस्पोरिडिया वंशाने बुरशीच्या गोतावळ्यातले असले तरी त्यांची नावं प्राणिशास्त्राच्या नियमावलीप्रमाणे दिली जातात; वनस्पती-बुरशींच्या नियमावलीने त्यांना स्पष्ट वगळलंय. त्यामुळे निबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंद आवश्यक. प्रकार-नमुना (नाव ज्याच्याशी कायमचं बांधलं जातं तो नमुना) म्हणून एका काचपट्टीऐवजी जीवनचक्रातल्या वेगवेगळ्या अवस्था दाखवणाऱ्या पट्ट्यांचा संचही देता येतो, आणि दोन तऱ्हांचे बीजाणू असतील तर तोच द्यावा. सापडलेली गोष्ट खरी बुरशी निघाली तर मात्र वाट वेगळी: २०१३ पासून मायकोबँकसारख्या नोंदवहीत क्रमांक घेतल्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा हर्बेरियम आणि संवर्धनसंग्रह आहे, तिथे विचारा. यजमान मुंग्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही पुण्यातच आहे.

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडली तर नेमलेल्या भांडाराला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. परदेशी प्रयोगशाळेला नमुना पाठवायच्या आधी परवानगीचे नियम वाचा, आणि अभयारण्यातून मुंगीसुद्धा उचलायची तर वन खात्याची लेखी परवानगी घ्या.

बहुतेक वेळा शेवटी जुनंच नाव समोर येईल. तरी काम वाया गेलं असं नाही. माहीत असलेला परजीवी नव्या यजमानात किंवा नव्या प्रदेशात सापडणं ही स्वतंत्र नोंद आहे. नीअल्हाझिया तर मुंग्यांवर अंडी घालणाऱ्या स्युडॅक्टिऑन माशांतही आढळलाय. अशी नोंद छापताना परजीवीबरोबर यजमान मुंगीचंही जनुक जेनबँकेत टाका, मापांचा पूर्ण तक्ता द्या आणि गोठवलेला उरलेला नमुना कुठे ठेवलाय ते लिहा.